आईवडील एकटे, घरावर एजंटची नजर: या चुका टाळा

आई पुण्यात एकटी, मुलगा न्यू जर्सीत. घरात हालचालीचे आणि दाराचे सेन्सर, बीपीचं मशीन, आणि त्यांच्या नोंदी पाहून शेजारी, नर्स, मुलगा यांना निरोप देणारा सॉफ्टवेअर एजंट. ही व्यवस्था फसते ती बहुधा आखणीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे निरोप नाही, म्हणजे सगळं ठीक असं धरणं. वीज गेली, राउटर बंद पडला की नोंदीच थांबतात आणि एजंटही गप्प बसतो. म्हणून प्रत्येक सेन्सरने ठरावीक वेळाने ‘चालू आहे’ एवढं कळवलंच पाहिजे. ते चुकलं तर ‘घराशी संपर्क तुटलाय’ असा वेगळा निरोप जावा, आणि तो घराबाहेरच्या सर्व्हरवरून. घरातलं यंत्र तेव्हा स्वतःच बंद असतं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. अधूनमधून मुद्दाम प्लग काढून पाहा.

उलटंही होतं. स्वयंपाकघरात हालचाल दिसते, पण ती कामाच्या मावशींची. सेन्सर माणूस ओळखत नाही. मावशींच्या वेळेतली हालचाल आईंची खुशाली म्हणून मोजू नका.

दुसरी मोठी चूक, अलर्ट सगळ्या ग्रुपवर टाकणं. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणी गेलं असेल. एजंटने एका वेळी एकालाच विचारावं, “जाताय का?” पाच मिनिटांत “निघालो” आलं नाही तर पुढच्याला. पहिलं नाव किल्ली असलेल्या शेजाऱ्यांचं. आतून कडी लावलेली असेल तर ती किल्ली कुचकामी, हे आईंशी आधीच बोलून घ्या. छातीत दुखणं, बेशुद्धी असेल तर यादी संपायची वाट पाहू नका. जो जवळ आहे त्याने थेट 108 लावावा.

गोळीची आठवण नोव्हेंबरपासून तासभर उशिरा येते? एजंटचं घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर आहे. तिथे नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे घेतात, आपल्याकडे नाही. वेळ भारताचीच ठेवा.

ऑक्सिमीटरचा आकडा अचानक घसरला आणि आईंना काही त्रास नाही, तर बोट गार आहे का, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश आहे का बघा, बोट चोळून पुन्हा मोजा. धाप लागली असेल तर मात्र मोजत बसू नका.

कॅमेरा आईंना विचारल्याशिवाय नको, न्हाणीघरात तर नकोच. आणि बीपीचा आकडा पाहून एजंटने गोळी वाढवा-कमी करा सांगू नये. आकडा डॉक्टरांकडे पोचवावा, तोही वेळेसकट.