व्हिक्टोरियन मनोरुग्णालयाचे नेपथ्य कसे उभारावे

राज्य नाट्य स्पर्धेसाठी कोल्हापुरातील एखाद्या संस्थेने व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील मनोरुग्णालयावर नाटक बसवायचे ठरवले, तर नेपथ्यकाराने साखळदंड, कोळिष्टके आणि काळवंडलेल्या भिंती प्रथम मनातून काढून टाकाव्यात. यॉर्क येथे १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णालय सुरू झाले आणि १८३९ पासून हॅनवेल मनोरुग्णालयात डॉक्टर जॉन कॉनली यांनी रुग्णांना जखडून ठेवण्याची पद्धत बंद केली. त्यानंतर अशा इमारतींच्या अंतर्भागाची रचना घरासारखी वाटावी, पण पहारा कोठेही सैल पडू नये, अशा दुहेरी हेतूने होऊ लागली.

नाटकाचा मुख्य प्रसंग कोठडीत न ठेवता ‘गॅलरी’त ठेवावा. एका बाजूला उंच खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला एकेकट्याच्या खोल्यांची दारे असलेली ही रुंद मार्गिका म्हणजेच रुग्णांची दिवसभराची बैठक असे. १८५१ मध्ये उघडलेल्या कोल्नी हॅच मनोरुग्णालयात मार्गिकांची एकूण लांबी सहा मैलांहून अधिक होती. रंगमंचावर तो आभास आणण्यासाठी फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या चौकटी, तिरके लावावेत आणि दारांची उंची मागे कमी करत न्यावी. रंगवलेल्या पडद्यांची परंपरा असलेल्या कोल्हापुरात ही युक्ती कोणाला नव्याने शिकवावी लागू नये.

सर्वाधिक कष्ट खिडकीवर घ्यावेत. रिट्रीटमधील खिडक्यांच्या चौकटी लोखंडी असूनही लाकडी भासत, तर पुढील काळात अनेक ठिकाणी खिडकी जेमतेम पाच इंच उघडेल अशी योजना असे, म्हणून गज दाखवू नयेत. शिवाजी उद्यमनगरात लोखंडी चौकट वेल्ड करून मिळेलही. परंतु ने-आण लक्षात घेता लाकडी पट्ट्याच बऱ्या, कारण मूळ चौकटीही लाकडीच दिसत होत्या.

भिंतीचा खालचा पट्टा गडद आणि वरचा भाग फिकट रंगवावा. लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयाच्या १८६० मधील छापील चित्रांत तसबिरी, फुलझाडे आणि पक्ष्यांचे पिंजरे दिसतात. ते सारे मांडावे, मात्र शेकोटीपुढील जाळीला कुलूप घालावे आणि खोल्यांच्या दारांना आतून मूठ ठेवू नये. काथ्या भरलेल्या कॅनव्हासची गादीदार खोली संहितेने मागितली तरच, आणि तीही एकच, दाखवावी. प्रकाश गॅसच्या दिव्यांचा, म्हणजे पिवळसर हवा. तेव्हा भिंतींचे रंग त्या प्रकाशात पाहूनच पक्के करावेत.