अनामिकेवर तोललेला पंख : विज्ञान प्रदर्शनासाठी रॅम्फोरिंकसची प्रतिकृती

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील शालेय विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखी आणि पवनचक्की यांच्या जोडीला कधीमधी एखादा ‘उडणारा डायनासोर’ही टांगलेला दिसतो. बहुधा त्याला वटवाघळाचे पंख असतात आणि नावही चुकलेले असते, कारण टेरोसॉर हे उडणारे सरीसृप डायनासोरांचे नातलग असले तरी डायनासोर नव्हते. ज्याला दिवाळीचा आकाशकंदील बांधता येतो, त्याला खरा टेरोसॉरही बांधता येईल. त्यासाठी रॅम्फोरिंकस निवडावा. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचे जीवाश्म जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीत मिळाले असून, पंख पसरल्यावर एक मीटर भरणारे नमुनेही त्यांत आहेत. म्हणजे प्रतिकृती मूळ आकाराचीच करता येते.

बुरुडाकडून बांबूच्या पातळ, लवचीक कामट्या आणाव्यात. पतंगाचा कागद, दोरा आणि मैद्याची खळ घरी असतेच.

खरे काम पंखाचे आहे. वटवाघळाचा पंख चार लांब बोटांवर ताणलेला असतो, पक्ष्याचा पिसांवर. टेरोसॉरचा मात्र एकाच बोटावर, तेही चौथ्या, म्हणजे आपण जिला अनामिका म्हणतो तिच्यावर. करंगळी त्याला नव्हतीच. एका बाजूसाठी दंडाला 4 सेंटीमीटर, कोपरापासून मनगटापर्यंत 7, तळहाताला 2 आणि अनामिकेला तब्बल 35 सेंटीमीटर अशी कामटी मोजावी. हे प्रमाण पाहून मापात चूक झाल्याचा संशय येतो, पण ते असेच आहे. अनामिकेची कामटी चार पेरांत विभागून सांधे दोऱ्याने घट्ट बांधावेत आणि टोक किंचित मागे वळवावे. टोकाला नखी लावू नये. उरलेली तीन बोटे मात्र आखूड आणि नख्यांची असून ती तळहाताच्या टोकाशीच बसवावीत. मनगटातून खांद्याकडे वळणारे एक बारीक हाड फक्त टेरोसॉरांतच आढळते. त्याच्यासाठी काडीचा तुकडा लावून मनगट ते मान असा कागदाचा छोटा पडदा ताणला, की जाणकार परीक्षक तेथेच थांबतो.

मुख्य पडदा अनामिकेच्या टोकापासून मागच्या पायापर्यंत न्यावा. त्या त्वचेत ताठपणा देणारे बारीक तंतू होते, म्हणून खळीत बुडवलेले दोरे कागदावर एकमेकांना समांतर चिकटवावेत. त्यामुळे कागदही फाटत नाही.

धड डोक्याइतकेच लहान, सुमारे 10 सेंटीमीटर ठेवावे. जबड्यात पुढे झुकलेले लांब दात, वर 20 आणि खाली 14, खराट्याच्या काड्यांचे करावेत. हा मासे खाणारा प्राणी होता. शेपटी ताठ असल्याने तिला एकच सरळ कामटी पुरते आणि टोकाला शंकरपाळ्याच्या आकाराचे उभे पान लागते. पंखांच्या पडद्याचे आणि या पानाचे ठसे असलेल्या नमुन्याचे वर्णन अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ ऑथनिएल मार्श यांनी 1882 मध्ये केले होते. टेरोसॉरांच्या अंगावर केसांसारखे तंतू असत, तेव्हा खवले रंगवू नयेत. धडावर कापसाची विरळ लव चिकटवणे बरे.

फलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावा, म्हणजे तालुका पातळीवर अडचण येत नाही. ‘हा आपल्याकडे सापडतो का?’ हा प्रश्न हमखास येईल. त्याचे उत्तर तयार असावे: गोकाक धबधब्याचा वालुकाश्म टेरोसॉर जन्मण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधीचा आहे, तर चिकोडी-निपाणीकडचा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, टेरोसॉर संपत असताना, वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे, आणि तापलेल्या लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत.