अमेरिकेत सज्ञान मुलाला करविवरणात अवलंबित कधी दाखवावे

मूल 18 वर्षांचे झाले की ते आई-वडिलांच्या करविवरणातून आपोआप वगळले जाते, हा समज चुकीचा आहे. वर्षअखेरीस ते 19 वर्षांखालील असेल, किंवा वर्षातील किमान पाच महिने पूर्णवेळ शिकत असून 24 वर्षांखालील असेल, तर त्याची कमाई कितीही असली तरी त्याला अवलंबित दाखवता येते. मात्र त्याने स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः उचललेला नसावा आणि अर्ध्याहून अधिक वर्ष ते तुमच्याकडे राहिलेले असावे. वसतिगृहातले महिने घरातलेच धरतात, आणि शिष्यवृत्ती या खर्चाच्या हिशेबात येत नाही. कायमचे पूर्ण अपंगत्व असल्यास वयाची अट नाही. इतर मोठ्या मुलांसाठी निकष कडक आहे: 2025 मध्ये त्यांचे करपात्र स्वरूपाचे एकूण उत्पन्न 5,200 डॉलरपेक्षा कमी हवे आणि निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही केलेला हवा.

खरा घोळ बहुधा वेगळाच असतो. उन्हाळी नोकरीत कापलेला कर परत मिळवण्याच्या घाईत मुले आपले विवरण आधीच भरून टाकतात आणि ‘मला दुसरे कोणी अवलंबित दाखवू शकते’ या चौकटीत खूणच करत नाहीत. मग तुमचे ऑनलाइन विवरण नाकारले जाऊ शकते, म्हणून फेब्रुवारीतच मुलाला फोन करून ती चौकट भरून घ्यावी.