तासाभराच्या व्याख्यानाचे तुकडे करताना

काटोल-कळमेश्वर भागातील संत्रा बागायतदारांसाठी नागपुरातून चालणारा ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग माझ्याकडे आला, तेव्हा त्यात तासाभराची व्याख्याने होती आणि बहुतेक शेतकरी ती अर्ध्यावरच सोडून देत. विषय डिंक्या रोगाचा (यात संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो), म्हणजे बाग राहण्या-न राहण्याचा. त्यामुळे हे पाहून जीव तुटत असे.

एडएक्स या ऑनलाइन शिक्षण-मंचावरील अभ्यासक्रमांच्या २०१४ मधील अभ्यासात, ६ मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ सर्वाधिक लक्षपूर्वक पाहिले जातात, असे दिसले होते. त्या आधारे मी एका व्हिडिओत एकच काम ठेवले. या रोगापासून बचावासाठी खोडाला लावायच्या बोर्डो मलमाच्या व्हिडिओत १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी एवढेच: मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवायचे, मग एकत्र करायचे आणि मलम नीट जमले का, हे स्वच्छ लोखंडी विळा बुडवून पाहायचे.

मात्र खरा फरक प्रश्नांनी पडला. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर देण्याने ज्ञान अधिक काळ टिकते, हे रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. म्हणून "विळ्यावर तांबूस थर चढला, तर काय कराल?" असे विचारून, शेतकऱ्याने उत्तर दिल्यावरच "आणखी चुना घाला" हे मी दाखवू लागलो, आणि तोच प्रश्न आठवड्याने पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागलो. प्रमाणपत्रासाठी हजेरीऐवजी मलम लावलेल्या खोडाचे छायाचित्र मागणे मला अधिक योग्य वाटते. त्यात मलम जमिनीपासून किती उंचीपर्यंत लागले आहे, हे लगेच दिसते आणि चूक त्याच हंगामात सुधारता येते.