घरातल्या कुणाला अटक झाली? या चुका टाळा

घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं की पहिला दिवस ओळखी काढण्यातच जातो, कुणाचा मेव्हणा हवालदार, कुणाचा नगरसेवक, आणि वकील आठवतो तो रिमांड (म्हणजे कोर्टाने कोठडी देणं) होऊन गेल्यावर. असं करू नका हो. 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं (प्रवासाचा वेळ सोडून) आणि वकील तिथेच हवा, कारण अटकेची कारणं नीट कळवली का, पीसीआर (पोलीस कोठडी) खरंच लागतो का हे तेव्हाच मांडता येतं. मॅजिस्ट्रेट "काही तक्रार?" असं विचारतात तेव्हा मारहाण झाली असेल तर स्पष्ट सांगा, घाबरून "नाही साहेब" म्हणालात तर तेच रेकॉर्डवर जातं.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसणं ही दुसरी चूक. कस्टडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 या विधी सेवा हेल्पलाइनला फोन लावा.

पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची (हजर राहा अशी) नोटीस दिली तर गावाला पळू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात बऱ्याचदा आधी नोटीसच येते, हजर राहिलात तर अटकेसाठी त्यांना कारणं लिहावी लागतात, आणि गेलाच नाहीत तर कारण तुम्हीच दिलंत. आणि कोऱ्या कागदावर सही? अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेकांना माहीतच नसतं. तपास 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत पूर्ण होऊन चार्जशीट (पोलिसांचं आरोपपत्र) आली नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, मेरिट (केसमध्ये किती दम आहे ते) बघतच नाहीत, फक्त जामीन भरायची तयारी पाहिजे. पण लोक काय करतात, "वकीलसाहेब बघतील" म्हणून बसतात, तेवढ्यात चार्जशीट येते आणि अर्जच केलेला नसल्यामुळे हक्क गेला! म्हणून पहिल्या रिमांडची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा, मोजायचं तिथूनच, अटकेपासून नाही, आणि रिमांडचा तो दिवसही धरायचा. मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी सकाळी अर्ज कोर्टात पाहिजे, वकिलाला आठवडाभर आधीपासून फोन करत राहा, त्यांना राग आला तरी चालेल. यूएपीए (दहशतवादविरोधी), एनडीपीएस (अमली पदार्थ), मकोका (संघटित गुन्हेगारी) असे कायदे लागले असतील तर मुदती वेगळ्या असतात, ते मात्र वकिलालाच विचारा.

जामीन मिळाल्यावर तारखा चुकवू नका, आजारी असाल तर वकिलाकरवी गैरहजेरीचा अर्ज द्या, नाहीतर वॉरंट निघतं.

आणि शिक्षा झाली म्हणून हातपाय गाळू नका. तुम्ही जामिनावर असाल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल तर अपील करायचंय एवढं सांगून त्याच कोर्टाकडून शिक्षा थांबवून मागता येते. अपीलाची मुदत सेशन कोर्टात 30 दिवस, हायकोर्टात 60. कैदेची शिक्षा झाली तर निकालाची प्रत मोफत मिळते, ती त्याच दिवशी मागून घ्या.