बीपीची गोळी चालू आहे, तरी आकडा उतरत नाही? या चुका टाळा

आमच्या बप्पांचा बीपी दोन वर्षं १६० च्या खाली यायला तयार नव्हता. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते. केजला गावी गेलो तेव्हा देवघराच्या फळीवर गोळ्यांची पाकिटं दिसली, सहज मोजली. महिन्याच्या ३० पैकी २२ गोळ्या तशाच पडलेल्या. विचारलं तर म्हणाले, "डोस्कं जड पडलं की घेतो की! रोज कशाला?"

बीपीतली पहिली चूक हीच, आणि बाकी सगळ्यांवर भारी. वाढलेला बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, त्यामुळे डोकं दुखण्यावर त्याची गोळी ठरत नसते. अ‍ॅम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी रोज घेत राहिलं तर एक-दोन आठवड्यांनी पूर्ण असर दाखवते. तपासणीत आकडा १३० आला म्हणून गोळी बंद करणारेही खूप. अहो, तो आकडा गोळीमुळेच आलाय! एकादशीला, वारीत, उसाच्या तोडीवर गेल्यावर गोळी हमखास सुटते. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघताना गोळ्या आणि औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पिशवीत टाका. संपल्या तर जिथं असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवा, या गोळ्या तिथं मोफत मिळतात.

मोजण्यातही घोळ असतो. एसटीतून उतरून तरातरा चालत आलेला माणूस स्टुलावर पाय लोंबकळत बसतो, सदऱ्याच्या बाहीवरच पट्टा बांधतात, वर तो पावसापाण्याचं बोलत असतो. असा आकडा चढाच येणार. अगोदर अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या पातळीत. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्यानं आकडा फुगतो. घरी मशीन घेणार असाल तर मनगटाचं नको, दंडाचं घ्या. दवाखान्यात १४०/९० ला वाढलेला म्हणतात, घरी १३५/८५ लाच.

मिठाचं बोला तर प्रत्येक घरात एकच उत्तर, "आमच्याकडं मीठ कमीच असतं." भाजीत असेलही. पण पापड, कुरडई, लोणचं, शेव यातलं कोण धरतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळं धरून चहाचा एक चमचा. ठेचा सोडा असं मी म्हणणार नाही, आमच्याच घरात भांडण होईल. आई आता खलबत्त्यात मीठ निम्मं टाकते, लसूण-शेंगदाणे वाढवते. सैंधव मात्र पळवाट नाही, तेही मीठच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची टेल्मिसार्टन गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणून खाणं तेवढंच घातक. त्यानं बीपी वाढतो, किडनीलाही त्रास होतो.

गोळीनं घोट्याला सूज आली, कोरडा खोकला लागला, तर आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, दुसरी मिळते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना मे महिन्याच्या उन्हात उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा.

आकडा १८०/१२० दिसला आणि त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पण जिभेखाली गोळी ठेवायचा उद्योग नको. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं किंवा बोबडी वळणं यातलं काहीही असेल तर मशीन ठेवा बाजूला, १०८ लावा.

बप्पांची गोळी आता देवघरातून निघून चहा-साखरेच्या डब्याशेजारी आलीय. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर ते आकडे लिहितात. परवाचा १३४/८२ होता. त्याच्याखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, "ठेचा अळणी."