ऑटो हेडलाइट लवकर लागतात की उशिरा? सेन्सरची संवेदनशीलता अशी बदला

दिव्यांचा स्विच 'ऑटो'वर ठेवला की अंधार पडताच हेडलाइट आपोआप लागतात. पण 'अंधार' म्हणजे नेमका किती, हे कंपनीने आधीच ठरवून ठेवलेले असते. गोव्यातल्या रस्त्यांना ते माप नेहमीच जमते असे नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख दाटतो. नेमक्या त्याच वेळी गुरे रस्त्यावर येऊन बसतात आणि कामावरून सुटलेल्या दुचाकींची गर्दी असते. करमळ घाटात किंवा मोल्याच्या जंगलातून जाताना तर साडेचारलाच झाडांखाली अंधारून येते. बऱ्याच गाड्यांत ही सेटिंग मालकाला स्वतःच बदलता येते. आधी दहा मिनिटे सेन्सरची तपासणी मात्र करावी, कारण बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.

सेन्सर दोनपैकी एका जागी सापडतो. एक तर डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला, काचेच्या अगदी बुडाशी, नाण्याएवढी काळी घुमटी असते. नाहीतर आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटवलेल्या काळ्या डबीत पावसाच्या सेन्सरसोबत तो बसवलेला असतो. त्यात प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो. प्रकाश ठराविक पातळीखाली गेला की दिवे लागतात. ते विझण्याची पातळी मात्र बरीच वर ठेवलेली असते, शिवाय विझायला वेळही जास्त लावतात. असे केले नाही, तर माडांच्या सावल्यांतून जाताना दिवे सारखे लागत-विझत राहतील.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगतो. भर दुपारचे ऊन १,००,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) आसपास जाते, गच्च ढगाळ दिवशी प्रकाश हजार-दोन हजारांवर येतो आणि निरभ्र आकाशात सूर्य मावळताना ४०० लक्सच्या आसपास उरतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-दिव्यांच्या नियमानुसार १,००० लक्सखाली लो बीम, म्हणजे हेडलाइटचे खाली झुकलेले झोत, २ सेकंदांत लागलेच पाहिजेत आणि ७,००० लक्सवर ते विझले पाहिजेत. विझायला ५ ते ३०० सेकंद घेतलेले चालतात. मधल्या पट्ट्यात काय करायचे ते कंपनी ठरवते. जपानने २०२० पासून नव्या मॉडेलांना १,००० लक्सची हीच अट घातली आहे. म्हणजे सूर्य पुरता मावळायच्या आधीच दिवे लागणे हा दोष नाही, ते तसेच व्हायला हवे.

आधी सेन्सर मोकळा करा

डॅशबोर्डवरची घुमटी आपल्याकडे हमखास झाकली जाते. गणपतीची मूर्ती किंवा क्रूस, त्याभोवतीचा फुलांचा हार, पार्किंगची पावती, उन्हासाठी अंथरलेले मखमली कव्हर, यांतले काहीही सेन्सरवर आले की त्याला दिवसाही रात्र वाटते आणि हेडलाइट दिवसभर जळतात. मूर्ती चार बोटे बाजूला सरकवा. कव्हर हवेच असेल, तर घुमटीएवढे भोक असलेले घ्या.

मग काच पुसा, आतूनसुद्धा. पावसाळ्यात बंद गाडीत ओल धरते आणि काचेवर आतून धुरकट थर बसतो. डिचोली-साखळीकडे लाल धूळ असते, किनाऱ्याजवळ खारा थर चढतो. मायक्रोफायबर कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा, त्याने पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने फिरवून घ्या. घुमटीवर डॅशबोर्डचे पॉलिश अजिबात मारू नका, त्या तेलकट थरावर धूळ चिकटून बसते.

पुढच्या काचेवर फिल्म असेल, तर तीही सेन्सरचा प्रकाश अडवते. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. त्याहून गडद फिल्म असताना सेटिंग बदलत बसण्यात अर्थ नाही. फिल्म काढा.

आता चाचणी

गाडी उघड्यावर, उन्हात उभी करा. इग्निशन चालू करा आणि स्विच 'ऑटो'वर आहे ना ते पाहा. गाडी धुवायला दिल्यावर तो बऱ्याचदा 'ऑफ' किंवा 'पार्किंग'वर सरकलेला असतो. काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असताना दिवे लागत नाहीत, तेव्हा ब्रेक पेडल दाबून धरा आणि हँडब्रेक सोडा. आता जाड काळे कापड चौघडी करून सेन्सरवर ठेवा. सेन्सर आरशामागे असेल, तर बाहेरून काचेवर धरायला कुणाला तरी सांगा. काही सेकंदांत मीटरवर हिरवे चिन्ह यायला हवे. बाहेर उभ्या माणसाने पुढचे आणि मागचे, दोन्ही दिवे पाहावेत. कापड काढल्यावर ते विझायला वेळ लागतो, मिनिटभर थांबा.

कापडानेही दिवे लागले नाहीत, तर प्रश्न सेटिंगचा नाही. सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा स्विच तपासून घ्यावा लागेल.

सेटिंग कुठे सापडते

गाडी उभी असतानाच बदल करा, चालत्या गाडीत हे मेनू सहसा उघडत नाहीत. होंडाच्या ज्या गाड्यांत ही सोय आहे, त्यांत 'व्हेइकल सेटिंग्ज'मध्ये 'लायटिंग सेटअप' आणि त्यात 'ऑटो लाइट सेन्सिटिव्हिटी' असते. मॅक्स, हाय, मिड, लो, मिन असे पाच टप्पे असतात आणि गाडी 'मिड'वर येते. 'मॅक्स' केले की बऱ्यापैकी उजेड असतानाच दिवे लागतात, 'मिन' केले की चांगला काळोख झाल्यावर. इथे अनेकांची गल्लत होते. संवेदनशीलता वाढवली म्हणजे दिवे जास्त प्रखर होत नाहीत, ते फक्त लवकर लागतात.

स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या बऱ्याच मॉडेलांत पडद्यावरच्या दिव्यांच्या सेटिंगमध्ये दिवे लागण्याची वेळ लवकर, मध्यम किंवा उशिरा अशी निवडता येते. टोयोटाच्या अनेक गाड्यांत उणे दोन ते अधिक दोन असे टप्पे असतात. काही मॉडेलांत ते पडद्यावरून बदलतात, काहींत सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवरूनच. पुष्कळ गाड्यांच्या मेनूत हा पर्याय दिलेलाच नसतो. तेव्हा सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर 'लाइट सेन्सरची संवेदनशीलता एक टप्पा वाढवणे' असे स्पष्ट लिहून घ्या. नुसते 'लाइट चेक करणे' लिहिले, तर बल्ब पाहून गाडी परत मिळते. वॉरंटीतल्या गाडीवर बाहेरून कोडिंग (गाडीच्या संगणकातली सेटिंग बदलणे) करून घेऊ नका.

हेडलाइट ऑफ टायमर ही वेगळी सेटिंग आहे. गाडी बंद केल्यावर दिवे किती सेकंद चालू राहावेत, एवढेच ती ठरवते. ती बदलून संध्याकाळचे वेळापत्रक हलत नाही.

किती ठेवावे

एका वेळी एकच टप्पा बदला आणि तीन-चार दिवस त्याच रस्त्यावर, त्याच वेळी पाहा. गोव्यात मधल्यापेक्षा एक टप्पा लवकर ठेवावे, असे आमचे ठाम मत आहे. चोर्ला किंवा अनमोड घाट रोजचा असेल, तर सगळ्यात लवकरचा टप्पाही योग्यच. बॅटरी उतरेल या भीतीने उशिराचा टप्पा निवडू नका. हॅलोजनचे दोन लो बीम मिळून ११० वॅट घेतात आणि गाडी चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज-जनित्र) ते सहज पुरवतो. पुलाखालून जाताना क्षणभर दिवे लागले, तर लागू देत.

पावसात 'ऑटो'वर विसंबू नका

जुलैतली दुपार, झुआरी पुलावर पांढराशुभ्र पाऊस, पन्नास मीटरवरचा ट्रक दिसेना. सेन्सरच्या लेखी मात्र हा उजेडच असतो. तो प्रकाश मोजतो, पुढचे किती दिसते ते मोजत नाही. घाटातल्या धुक्याचेही तसेच. कितीही संवेदनशील टप्पा ठेवला तरी इथे खात्री नाही, त्यामुळे स्विच हाताने लो बीमवर न्यावा. पुढे डीआरएलचा (दिवसा आपोआप चालू राहणाऱ्या पुढच्या छोट्या दिव्यांचा) पांढरा उजेड आणि उजळलेले मीटर पाहून दिवे लागलेत असे वाटते, पण बहुतेक गाड्यांत डीआरएलसोबत मागचे दिवे लागत नाहीत आणि मागून येणाऱ्या बसला तुम्ही दिसतच नाही. काही गाड्यांत वायपर सलग फिरू लागले की हेडलाइट लावण्याचा पर्याय मेनूत असतो. तो सापडला, तर जूनच्या आधी चालू करून ठेवा.

आरशामागे सेन्सर असलेल्या गाडीची काच बदलताना विशेष लक्ष द्या. सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलची चकती असते. जुनी चकती पुन्हा वापरली किंवा बसवताना तिच्यात हवेचे बुडबुडे राहिले, की वायपर आणि दिवे दोन्ही वेडेवाकडे वागू लागतात. बाहेरून काचेजवळ डोळा नेला की बुडबुडे दिसतात. नवी चकती टाकायला सांगा आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी काळ्या कापडाची चाचणी तिथेच, त्यांच्या माणसासमोर करा.